रिंकूचं बाळ रडतं तेव्हा

लहानपणी आलेल्या तापानंतर रिंकूला ऐकू येत नव्हतं. चिचगडच्या घरी नवरा धर्मेंद्र कामावर गेला की ती आणि तिचं तान्हं बाळ, दोघंच उरत. आपली पाठ वळली आणि बाळ रडलं तर, या धास्तीनं ती स्वयंपाकही पाळण्याकडे तोंड करूनच करायची.

एका दुपारी ती अंगणात मोहफुलं वाळत घालायला गेली. परतली तेव्हा बाळाचा चेहरा लालबुंद झाला होता आणि कानापर्यंत ओघळलेले अश्रू सुकले होते. ते किती वेळ रडलं, हे तिला कळेना. तिनं त्याला छातीशी घट्ट धरलं आणि ती पदरानं त्याचे गाल पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

पाण्याला निघालेली शेजारीण अंजनाबाई दारात थांबली. रिंकूला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणाली, “लेकरू रडतेच. कायले एवढी भेऊन राहिली?”

“त्याले वाटलं असन, माय येतच नाही,” रिंकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं लुगड्याची लांब चिंधी पाळण्याला बांधून दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं. बाळानं हातपाय झाडले की हिसका बसे, आणि ती धावे. तिला पाहताच बाळ शांत होऊ लागलं. पण चिंधी फार वेळ सैल राहिली की तिचा जीव घाबरा होई, आणि ती त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास चाचपून पाही.