जुनीच चाबी

वाडीच्या गोदामांत रामाजी चौकीदार दिसायच्या आधी ऐकू यायचा. कमरेच्या करदोड्याला बांधलेली त्याची चाबी पट्ट्याच्या बकलावर टणटण वाजायची. सहा गोदामं, चाबी एकच. "सहाही दरवाजे मले ओळखतात," तो सांगायचा. एवढी ओळख त्याला सख्ख्या भावांनीही कधी दिली नव्हती.

चौऱ्याहत्तर साली कुलपं गंजली आणि मालक वामनरावांनी नवी आणवली. रामाजीला जेवण जाईना. नवं कुलूप म्हणजे नवी चाबी, आणि ती मालकांच्या नव्या जावयाच्या खिशात जाणार, असं ट्रकवाले चहा पिता पिता बोलून राहिले होते.

त्याने कुलूपवाल्या नानाजीला गाठलं. "कुलूप बदल गा, पण आतले खटके जुनेच बसव. माही चाबी लागली पाहिजे."

"मालकाले विचार."

विचारलं, तर वामनराव हसून म्हणाले, "खरं आहे रामाजी. चालती चाबी काहून बदलायची?"

रामाजीला गहिवरून आलं. त्या भरात, आवाराच्या कोपऱ्यातल्या आपल्या खोलीलाही त्याने त्याच चाबीनं उघडणारं कुलूप मागून घेतलं. बायको रंभाबाई म्हणाली, "घराचं तरी अलग राहू द्या."

"तुले काय समजते वं! राजाच्या घरी दहा चाब्या राहतात का?"

नानाजीने जुने खटके काढून नव्या कुलपांत बसवले, खोलीच्या कुलपासाठी तसेच घडवले. लावायच्या दिवशी रामाजी धुतलेला फेटा बांधून आला. हमालांसमोर त्याने एकेक कुलूप उघडलं. एकही अडलं नाही. शेवटच्याला तर त्याने नवरदेवासारखी मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं.

"शाब्बास!" वामनराव म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "आण ती चाबी."

"मालक, तुम्हीच तं म्हटलं..."

"चाबी बदलणार नाही म्हटलं. चौकीदाराचं कुठं बोललो? उद्यापासून जावईबापू पाहतील. खोली आठवड्यात खाली कर."

हमाल हसले. करदोड्याची गाठ सुटेना, तर मालकामागे उभ्या जावयाने ती ब्लेडनं कापली आणि चाबी घेऊन स्कूटरवर शहराकडे निघून गेला.

रामाजी खोलीकडे आला. रंभाबाई डोक्यावर घागर घेऊन दाराशी उभी होती. नळावर जाताना तिने नवं कुलूप नुसतं दाबून लावलं होतं.

"अवो, उघडा ना लवकर! चुलीवर डाळ आहे."

रामाजीचा हात सवयीने कमरेला गेला आणि तिथेच राहिला. आतून करपल्याचा वास येऊन राहिला होता.

"उघडा ना!" रंभाबाई म्हणाली.