शेवटच्या गाडीनं जाऊन येतो

“आरं, हार घालतोयस का लोंबकळतोयस? गाडी हलली!”

डब्याच्या खिडकीतून आमचे वडील, अण्णा, ओरडत होते. इंजिनाला गळा नसतो, हे मला हार घेऊन वर चढल्यावर कळलं होतं.

गोष्ट सत्तरच्या सुमाराची. मोठा रूळ आला म्हणून सांगली-मिरज हा आमचा रेल्वेचा छोटा फाटा त्या दिवशीच्या शेवटच्या गाडीनंतर बंद होणार होता. मी त्या फाट्याचा स्वयंघोषित इतिहासकार. आजोबा याच गाडीनं मिरजेला दात काढायला गेले, आई याच गाडीनं नवरी होऊन आली, आणि एकदा ड्रायव्हरनं मध्येच गाडी थांबवून आमच्या रानातली वांगी नेली. (हे मी जरा वाढवून सांगतो. मिरच्या होत्या.) सुटण्याआधी मी फलाटावर भाषणही ठोकलं: ‘ही गाडी या रुळावर पुन्हा दिसणार नाही!’ लोकांनी डोळे पुसले. धूरही बराच होता म्हणा.

अडचण एकच. त्याच संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीला, नलूला, बघायला साताऱ्याचे पाहुणे येणार होते. मुलगा फौजेत, स्थळ लाखात एक. अण्णा यायला तयारच नव्हते. मीच पटवलं, मिरज ती काय लांब, जाऊन येऊ. नलूला तर बघण्याची साडी नेसवूनच गाडीत बसवलं. परतल्यावर तेवढाच वेळ वाचेल!

मिरजेला भजी झाली, चहा झाला. मग मी ऐटीत पोर्टरला विचारलं, सांगलीला परतीची गाडी कितीला?

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. “आवं, इंजिनाला हार तुमचाच न्हवं?”

अण्णांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ते तसं बघायला लागले की आमच्या म्हशीही रवंथ थांबवायच्या. बाकीच्या सांगलीकरांना परतीचं आधीच सुचलं होतं, त्यामुळं एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी सांगलीच्या साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या बैलगाडीवर आम्ही सगळे चढलो. सगळ्यांत वर नलू. साडीला पाचट, केसांत पाचट. तिला भूक लागली म्हणून मी ऊस मोडून एक कांडं दिलं.

बैलगाडी आमच्या दारात थांबली, तेव्हा पाहुणे ओट्यावर बसलेले. मुलाचे वडील, रिटायर्ड सुभेदार, मिशीसकट उभे राहिले. पोह्यांची बशी घेऊन आतून लाजत येणाऱ्या मुली त्यांनी पुष्कळ पाहिल्या असतील. तोंडात कांडं घेऊन वरून उतरणारी ही पहिलीच! मी घाईघाईनं त्यांना फाट्याचा सगळा इतिहास ऐकवला, आजोबांच्या दातापासून.

सुभेदारांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग अण्णांकडं वळून म्हणाले, “पोरगी पसंत हाय. वऱ्हाडाच्या गाडीचं मातूर आमचं आमी बघू.”