सहा वाजता दोघं घरी

शनिवारी दुपारी मी शिफ्टचा तक्ता फळ्यावर लिहून खडू खाली ठेवायचो, तेव्हा मागे तो उभा असायचाच. तेलकट बोट स्वतःच्या नावाखालून फिरवायचा आणि छताकडे बघत मनातल्या मनात काहीतरी जुळवायचा.

"वहिनींची कुठली ड्युटी?" मी विचारायचो.

"मॉर्निंग."

"मग?"

"जमतंय," म्हणून निघून जायचा. जमत नसलं तर मात्र कोणाशी तरी बदली करून घेतल्याशिवाय तो फळ्यासमोरून हलायचा नाही.

अंबरनाथच्या आमच्या केमिकल कंपनीत तो बॉयलर सांभाळायचा. बायको उल्हासनगरच्या एका प्रसूतिगृहात नर्स. घर बदलापूरला, शिरगावात. घरात वडीलधारं कोणी नाही आणि मुलगी लहान, त्यामुळे दोघांपैकी एकानं कायम घरी असायचं, हा त्यांचा कायदा. साहजिकच नवरा-बायको भेटायचे ते बदलापूर स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर. एक ड्युटीवरून येतंय, दुसरं निघालंय. कडेवरची मुलगी आणि घराची चावी या हातातून त्या हातात जायची. "आमटी झालीये, भात तेवढा लावा," इतकाच काय तो संवाद. एकदा लग्नाच्या वाढदिवसाला तिथेच उभ्याउभ्या दोघांनी उसाचा रस घेतला. दुसऱ्या दिवशी हे त्यानं असं रंगवून सांगितलं, की आम्हाला वाटलं स्वारी महाबळेश्वरला जाऊन आली.

पुढे मोबाइल आले, तेव्हा यांनी मिस कॉलची भाषा काढली. एक रिंग वाजली की पोरगी शाळेतून आली, दोन वाजल्या की जेवली. फोन उचलायचा नाही. उचलला तर दोघंही एकमेकांवर चिडायचे.

"नोकरी सोडायला सांग ना तिला," कॅन्टीनमध्ये कोणीतरी सल्ला द्यायचंच.

"का म्हणून?" तो उसळायचा. "अर्धं उल्हासनगर तिच्या हातावर जन्माला आलंय. मार्केटमध्ये गेलो की सिंधी बाया लांबून हाका मारतात, 'दीदी, पहचाना? ये आपका बच्चा!' मला कोण ओळखतं तिथं? पिशव्या धरून उभा असतो मी."

"मग तू सोड."

"आणि माझ्या बॉयलरला कोण बघणार? तू?"

दोघांनाही आपापलं काम मनापासून आवडायचं, हीच तर सगळी अडचण होती. पण त्याच्याकडे त्यावर उपाय होता. "प्लॅनिंग आहे भाऊ आपलं." बॉयलरची वरची परीक्षा द्यायची, सुपरवायझर व्हायचं. सुपरवायझरला जनरल शिफ्ट. तोवर तिकडे बायको इन्चार्ज सिस्टर होणार, तिलाही दिवसाची ड्युटी. "मग सहा वाजता दोघं घरी. चहा पिऊ, टीव्ही बघू, भांडू पण. आत्ता भांडायला टाइमच कुठाय?"

आम्ही त्याची भरपूर टर उडवली. परीक्षेत नापास झाला तेव्हा तर फारच. "काय रे, कुठवर आला प्लॅन?" तो चिडायचा नाही. बॉयलरच्या धगीत पुस्तक घेऊन पुन्हा बसायचा.

आणि तुम्हाला सांगतो, एवढं सगळं ठरवल्याप्रमाणे झालेलं मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. मुलगी दहावीला गेली, हा सुपरवायझर झाला आणि पाठोपाठ वहिनी इन्चार्ज. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेटबाहेर पडला, तेव्हा वॉचमननंसुद्धा सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "मग? कसं वाटलं?"

"आमटी खारट!" तो पोट धरून हसत होता. "तिनं मीठ टाकलं, मागून जाऊन मी पण टाकलं. इतकी वर्षं किचनमध्ये एका टायमाला एकच माणूस ना! दोघं असतो हे डोक्यातच नाही. पोरगी म्हणाली, आता ठरवून घ्या तुमचं."

ठरलं. मीठ वहिनींनी टाकायचं.

ते दिवस त्याला फार मानवले. पाच वाजले की गडी पळत सुटायचा. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

एक दिवाळी तेवढी झाली. वहिनींच्या पोटात दुखायचं, ते काही नवीन नव्हतं. "जनरल लागली की दाखवू निवांत," असं दोघांनी मिळूनच ठरवलेलं. दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाहेर बोलावलं. होळीच्या आधीच वहिनी गेल्या. मला अजूनही राग येतो. कोणाचा, ते सांगता येत नाही.

पुण्यानुमोदनाला आम्ही शिरगावात गेलो. प्रत्येकाला "जयभीम, बसा" म्हणत तो खुर्च्या लावत होता. कोणी हातातून खुर्ची घेतली की दुसरी उचलायचा.

कामावर आला तो पूर्वीसारखाच आला. इस्त्रीचा शर्ट, डबा, सगळं वेळेवर. फक्त पाच वाजल्यावर उठायचा नाही. मग एकदा दुपारी त्यानं नेहमीसारखी आपली आमटी सगळ्यांना वाढली. आम्ही घास घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. ठार अळणी. खाली मान घालून जेवत राहिलो. शेवटी त्यानं खाल्ली.

"मी टाकलंच नाही," तो म्हणाला. "ते तिच्याकडे होतं."

हात धुऊन तो थेट माझ्या टेबलाशी आला.

"भाऊ, मला परत शिफ्टला टाका."

"अरे, सुपरवायझर आहेस तू. इतकी वर्षं ज्याच्यासाठी..."

"सुपरवायझर नको मला. बॉयलरवर टाका. पोरगी आता मोठी आहे, राहते एकटी. सहाला घरी पोचतो ना, तेव्हा कळतं ती नाहीये. शिफ्टला असताना घरी ती कधी असायची? ड्युटीवर आहे असं वाटेल तरी."

मी साहेबांशी बोललो. त्या शनिवारी त्याचं नाव मी परत फळ्यावर लिहिलं, सेकंड शिफ्टला. खडू ठेवला तर मागे तो उभा होताच. त्यानं बोट नावाखालून फिरवलं आणि छताकडे बघितलं.

वहिनींची ड्युटी मी विचारली नाही.

"जमतंय," तो म्हणाला आणि बॉयलरकडे निघून गेला.