तांदळात ठेवलेले गुण

कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा ते माझ्या गळ्यात पडले, कारण मी गणित शिकवत होतो. दुसरं कारण नव्हतं. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही आकड्यांचे माणूस जी. हेही आकड्यांचंच काम." ब्रह्मपुरीहून जीपने पाऊण तासावरचं आमचं गाव, सगळीकडे धानाच्या बांध्या आणि तलाव. जुन्या स्टोअरची खोली रिकामी केली, चपला बाहेर काढायचा नियम केला आणि तीन यंत्रं मांडली. त्यातलं एकच धड चालायचं. चंद्रपूरला चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी एकटा कॉलेजचा कॉम्प्युटर विभाग झालो.

पहिल्याच पावसाळ्यात नऊपैकी पाच फ्लॉपींना बुरशी लागली. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तांदळात ठेवा ना. काडेपेटी नाई ठेवत का आपण?" आमच्याकडे दमट लागू नये अशी वस्तू तांदळात किंवा धानाच्या ढोलीत पुरून ठेवतात. तिने झाकणाचा डबा दिला, त्यात गिरणीवरून आणलेले दोन किलो तांदूळ. प्राचार्यांनी पाहिलं आणि हसले. "काय जी, खिचडी मांडून राह्यले का?" पण बुरशी थांबली. पावसाळा संपला तरी माझी सवय राहिली. वर्षभर एकही फ्लॉपी बिघडली नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे वर्षभर डब्यातली एकही प्रत उघडून बघायची वेळ आली नव्हती.

त्या साली विद्यापीठाने प्रात्यक्षिकाचे गुण फ्लॉपीवर मागवले. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला बासष्ट मुलं होती. बाहेरून आलेले परीक्षक गुण बोलत गेले, मी यंत्रात भरत गेलो. कागदावर उतरवायचं नाही याचं त्यांनाही बरं वाटलं. छापून सही घ्यायची होती, पण प्रिंटरची रिबन संपली होती. नवी सोमवारी येणार होती. परीक्षक म्हणाले, कागद पोस्टाने धाडा, सही करून पाठवतो. मी बेरीज दोनदा तपासली आणि एकीऐवजी तीन फ्लॉपींवर प्रती काढल्या. तीनही डब्यात ठेवल्या.

शनिवारी अवकाळी पाऊस आला. तारेवर वीज पडली आणि चालू यंत्र जळालं. मी घाबरलो नाही. तीन प्रती होत्या. सोमवारी पहिली फ्लॉपी दुसऱ्या, रडतखडत चालणाऱ्या यंत्रात घातली तर नुसती करकर. दुसरीचं तेच. तिसरीची पत्र्याची पट्टी सरकवून पाहिली, तर आत तांदळाचा बारीक कोंडा. गिरणीचा तांदूळ, त्याला कोंडा असणारच. हे बायकोला नाही तरी मला सुचायला हवं होतं. परीक्षकांना फोन केला. त्यांच्याजवळ काही नव्हतं.

विद्यापीठाला मी सगळं खरं लिहिलं. जूनमध्ये निकाल लागले, आमच्या बासष्ट जणांपुढे "राखीव" आलं, म्हणजे निकाल रोखलेला; प्रात्यक्षिकाची फेरपरीक्षा घेऊ, असं विद्यापीठाने कळवलं. त्यांत एक ढिवराची मुलगी होती. बाप त्यांच्या गावच्या तलावात जाळं टाकायचा. तिचा चंद्रपूरला बी.एड.ला नंबर लागत होता, जुलै संपायच्या आत गुणपत्रिका दाखवायची होती. बापाने सायकलवरून तिला आणलं. ती दाराशीच उभी राहिली, चपला हातात घेऊन.

बाप म्हणाला, "सर, पोरगी म्हंते तुमाले तिचे मार्क याद हायेत."

खोटं कसं बोलणार? पन्नासपैकी शेहेचाळीस. तो सर्वांत वरचा आकडा होता, परीक्षकांनी तो दोनदा उच्चारला होता.

"याद आहेत, भाऊ. शेहेचाळीस."

"मंग लिहून द्या ना."

"कागद नाही. माझ्या आठवणीवर विद्यापीठ कसं चालेल?"

"काऊन? तुमची याद खोटी हाये का?"

मुलगी म्हणाली, "बाबा, चला."

ते गेल्यावर प्राचार्यांनी मला बसवून घेतलं. "तिचे तेवढे भरून द्या. मी सही करतो. बाकीच्यांचं मागून पाहू."

मी म्हणालो, "एकीचे आठवणीतून आणि एकसष्ट जणांची परीक्षा, हे कुठल्या हिशेबात बसतं?"

"तुम्ही माणूस आहात का कॅल्क्युलेटर?"

मी तिचे गुण भरून दिले नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, मी सगळ्या मुलांशी सारखा वागतो आहे. आज वाटतं, एक चूक हातून झाली होती, तिच्यानंतर मला स्वतःला स्वच्छ ठेवायचं होतं. दोन्ही खरं असेल. किती टक्के काय, ते मला अजून काढता आलेलं नाही.

फेरपरीक्षा ऑगस्टात झाली. बी.एड.ची यादी तेव्हा बंद झाली होती. ती आली. पाच महिने परीक्षानळीला हात लागला नव्हता, धानाच्या रोवणीने बोटं फुगलेली. यावेळी मी प्रत्येक गुण आधी कागदावर लिहिला. तिला एकेचाळीस मिळाले. परीक्षक नवे होते, त्यांनी योग्यच दिले. निघताना ती "येते सर" म्हणाली. मी मान हलवली. माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी बी.एड.चा फॉर्म आणि तिची गुणपत्रिका घेऊन तिच्या गावी गेलो. बाप अंगणात जाळं शिवत होता. म्हणाला, "पोरगी घुग्घुसले दिली जी. जावई खाणीत हाये, ठेकेदाराकडे." फॉर्म मी पिशवीतून काढलाच नाही. गुणपत्रिका दिली. त्याने हात धोतराला पुसून ती घेतली, उलटी-सुलटी पाहिली. वाचता येत नव्हतं.

"याच्यात किती लिवले हायेत, त्या परीक्षेचे?"

"एकेचाळीस."

"पयले शेहेचाळीस होते ना?"

"होते."

त्याने सुई जाळ्यात खोचली. "मंग पाच कुठी गेले, सर?"

मी म्हणालो, "माझ्याकडून गेले." त्याने जाळं बाजूला सारलं आणि आत बाईला आवाज दिला, चहा मांड म्हणून. मी नको म्हणालो नाही. मुलीच्या आईने चहा आणला, खाली बसून विचारलं, "तुमचे लेकरं किती शिकले जी?" मी सांगितलं, दोघंही शिकताहेत. "बरं झालं," ती म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं. मला तो चहा संपवता आला नाही.