फोरमनला मी कॉफी दिली नाही

कण्णन फोरमन मेला त्या दिवशी मी घरात खीर केली होती.

नव्वदीच्या बाईने फेसबुकवर असं लिहू नये म्हणतील. लिहितेय नात, बोलतेय मी. तिला बजावलंय, एक शब्द गाळलास तर बघ.

आज ह्यांची पुण्यतिथी.

आम्ही कुंभकोणमचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पन्नासच्या दशकात लग्न होऊन तिरुविडैमरुदूरहून आले, तर पुढच्या खोलीत पलंगाच्या जागी लेथ.

पण ह्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. गावातल्या वर्कशॉपवाल्यांचे मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायची हत्यारं, तपासून द्यायचे. बरोब्बर सहा इंचांचा स्टँडर्ड रॉड मायक्रोमीटरमध्ये धरायचा. सहाच दाखवलं तर ठीक, नाही तर मायक्रोमीटर सुधारायचा.

तेही पहाटे, ऊन यायच्या आधी. रॉड आणि मायक्रोमीटर आदल्या संध्याकाळपासून एकाच फरशीवर शेजारी शेजारी. उचलायचं ते घडी घातलेल्या फडक्याने. आणि काम होईपर्यंत कॉफी नाही, कारण गरम टंबलर धरलेला हात हत्याराला लावायचा नाही.

"लोखंडालाही ताप येतो ग," म्हणायचे. "तापलं की वाढतं."

कण्णन स्टेशनजवळच्या एका वर्कशॉपात फोरमन. तपासणीचं काम आपल्याकडे यावं म्हणून जळायचा.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आमच्याकडे पहाटे चांगला गारठा असतो. अशाच एका पहाटे तो तिघा वर्कशॉपवाल्यांना घेऊन आला. मद्रासहून आणलेला नवा रॉड त्याने कनवटीतून काढला आणि ह्यांच्या मायक्रोमीटरमध्ये धरला.

रीडिंग जवळजवळ एक थाउ जास्त.

एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोळ्याला दिसत नाही, पण माणसाचं नाव बुडवायला पुरतो.

"काय रायर," फोरमन म्हणाला; आम्हा मराठी लोकांना इथे रायरच म्हणतात. "तुमचंच माप खोटं. दुसऱ्यांचं काय तपासणार?"

ह्यांना भांडता यायचं नाही. वाकून पुन्हा पुन्हा आकडा बघत राहिले. तोवर तो रॉड परत कनवटीला खोचून चालता झाला.

आठवडाभरात सगळे आपापले मायक्रोमीटर घेऊन गेले.

मी दाराआडून पाहिलं होतं. म्हटलं, "अहो, तो रॉड गरम होता. घरापासून त्याच्या पोटाला चिकटून आला होता."

"कळलं मला. पण तो गेल्यावर कळलं. आता सांगितलं तर सबब वाटेल."

त्याने मुद्दाम केलं की कसं, देव जाणे. मुद्दाम केलं असेल तर पापी. नकळत केलं असेल तर फोरमन कसला?

हे रोज स्वतःचा रॉड तपासत बसायचे. बरोबर यायचा, तरी पुन्हा. बोटं थरथरायला लागली. लेथ विकतो आणि कुठे तरी कारकुनी बघतो, म्हणाले.

मी म्हटलं, थांबा जरा.

मी नऊ महिने थांबले. पोटात मूल वाढवावं तसा राग वाढवला.

आयुधपूजेला आमच्याकडे सगळी हत्यारं देवापुढे मांडतात. दुसऱ्या सकाळी, विजयादशमीची पूजा होईपर्यंत, त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणजे वर्षातून तेवढा एक दिवस फोरमनचा रॉड त्याच्या कनवटीला नसतो.

त्या सकाळी ह्यांचा मायक्रोमीटर पेटीत घातला, पेटी अंगापासून लांब धरली आणि फोरमनच्या वर्कशॉपात गेले. एकटी. पुरुष नुसते बघत राहिले.

त्या तिघांपैकी एक चेट्टियार तिथे होते. म्हटलं, "पूजा संपेपर्यंत हा त्या रॉडशेजारी ठेवा. मग तुम्हीच मोजा, फडक्याने धरून. मी शिवत नाही."

चेट्टियारांनी मोजलं. बरोब्बर सहा.

फोरमन हसला. "दुरुस्त करून आणला असेल."

"बरं. आता तो रॉड कनवटीला खोच," मी म्हटलं. अरे-तुरेच केलं.

तो हलेना. चेट्टियार म्हणाले, "खोचा."

प्रसादाचं हरभऱ्यांचं सुंडल वाटून, खाऊन होईपर्यंत तो तसाच उभा. मग चेट्टियारांनी पुन्हा मोजलं. पाऊण थाउ जास्त.

चेट्टियारांनी रॉड त्याच्या हातात दिला. "रायरांच्या घरी जाऊन या."

आला. "चुकलं, रायर," म्हणाला. हे लगेच "या, बसा" करायला लागले.

मी आतून ओरडले, "रॉड गार व्हायला हवा. तासभर बाहेर ओट्यावर बसू दे."

पुढे अकरा वर्षं, मरेपर्यंत, तो स्वतःची हत्यारं तपासायला आमच्याकडेच आणायचा. दर वेळी तासभर ओट्यावर. आत ह्यांच्यासाठी कॉफी उकळायची, वास बाहेर जायचा, टंबलर नाही. कुंभकोणममध्ये दारी आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळेल.

"पुरे झालं ग," हे म्हणायचे. "दे एक टंबलर."

नाही दिला.

कारण काम परत आलं, नाव परत आलं, पण ह्यांचा तो शांत हात परत आला नाही. शेवटपर्यंत सगळं तीनतीनदा तपासायचे आणि मग माझ्याकडे बघायचे, बरोबर आहे ना असं. मला त्यातलं काय कळत होतं? तरी मी मान हलवायचे.

अहो, तुमच्या त्या हातांना नमस्कार.

तुमचं सगळं ऐकलं, एवढं एक ऐकलं नाही. तुम्ही भोळे. वर तो भेटला असेल तर कॉफी पाजतही असाल.

मी येईपर्यंत पाजा. मग बंद.