बेटाला ‘येतो’ म्हणणं

जांबोटीकडच्या आमच्या नदीत एक बेट होतं. पाऊसकाळात होडीशिवाय तिथं जाता यायचं नाही. त्यावरची जांभळीची झाडं, पडकं देऊळ, लढाईत पडलेल्यांचे वीरगळ, हे सगळं पाहुण्यांना दाखवायचं काम गावातले म्हातारे आप्पा मोठ्या आवडीनं करत. परतताना ते प्रत्येकाला बेटाकडं तोंड करून ‘येतो’ म्हणायला लावत. बेळगावच्या एका गोऱ्या साहेबानंसुद्धा टोपी काढून ‘येटो’ म्हटलं होतं.

माझी शाळा चौथीतच सुटलेली. कराचीच्या गोदीत काम मिळालं, तेव्हा निघायच्या आधी आप्पांनी मला बेटावर नेलं. परत होडीत बसताना माझ्याच्यानं ‘येतो’ म्हणवेना. एवढ्या लांबून परत येणं होईल का, याची धास्ती होती, आणि त्या वीरगळांच्या दगडांपुढं खोटं बोलायला जीव धजेना.

“म्हण की रं! साहेबाला जमलं, तुला न्हाय व्हय जमत?”

“आप्पा, न्हाईच आलो तर?”

त्यांनी वल्हं खाली ठेवलं आणि बेटाकडं वळून मोठ्यानं सांगितलं, “लई भितंय प्वार. पर येतंय बरं का. मी सांगतो.”

त्यांचे हे उपकार मी विसरलेलो नाही. पण मला रजा मिळायच्या आतच आप्पा गेले, आणि माझं गावाकडं जाणं अजून झालेलं नाही. त्या दिवशी होडीत मीच ‘येतो’ म्हणायला हवं होतं. शब्द खोटा पडला असता, तरी तो माझा पडला असता. आता आप्पांचा पडतोय.