रोअनोक बेट आणि आमची म्हस

मुरगूडच्या स्टँडवर आबा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या धोतराला शेणाचा डाग होता. धार काढून तसेच आले होते. आई घरीच थांबली. रडायचं झालं तर चारचौघांत नको, असं तिचं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. एम. एस्सी. झाले, आणि अमेरिकेत पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. स्टँडवर कुणी ओळखीचं दिसलं की आबा न विचारता सांगत होते, "पोरगी निघालीया. तिकडं शिकल्याली माणसं कमी पडत्यात."

मला काळजी वेगळीच होती. पायात खिळा घुसला तरी 'बरं हाय की' म्हणणारा हा माणूस. फोनवर आई शेजारी बसणार, मग तर काहीच बोलणार नाही. म्हणून त्यांना बाजूला घेतलं.

"आबा, जिवावरचं काय असलं तर फोनवर नुसतं म्हणा, म्हस इकली. आईला कळायचं न्हाय. मी काय न इचारता निघून येतो." आमच्याकडं पोरीही 'येतो'च म्हणतात.

आबा स्टँडभर ऐकू जाईल असं हसले. "म्हस इकाया मी मेलोय व्हय गं?"

म्हणूनच तर ते वाक्य मी निवडलं होतं. ती म्हस आबांशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. आबा धड आहेत तोवर ती दावणीला असणार, एवढं साधं गणित. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी गाडीत बसले.

नॉर्थ कॅरोलिनात माझं बस्तान बसलं. गावी असताना पहाटे चुलीच्या धुराने डोळे उघडायचे, तिथं हीटरच्या घरघरीने. खाडीवर जायचं, बाटल्यांत सँपल भरायचे, लेबल लावायचं, लॅबमध्ये रिपोर्ट करायचा. इंडियन स्टोअरमधल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापली की चिरा जायच्या, तरी खायची. दर रविवारी फोन.

"म्हस कशी हाय, आबा?"

"धा लिटर देतिया. माज आलाय तिला, तुझ्यागत."

तिसऱ्या वर्षी कामासाठी रोअनोक नावाच्या बेटावर गेले. चारशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी तिथं वस्ती करायचा प्रयत्न केला होता. शंभरावर बायाबाप्ये आणि लेकरं. आधी येऊन गेलेल्या गोऱ्यांनी तिथल्या मूळ लोकांशी वैर करून ठेवलेलं, त्यात अन्नाची टंचाई. म्हणून वस्तीचा म्होरक्या सामान आणायला परत इंग्लंडला गेला. लेक आणि तान्ही नात तिथंच ठेवून. जाताना ठरलं होतं की वस्ती हलवली तर कुठं गेलो ते लाकडावर कोरायचं, आणि संकटात असलो तर वर क्रूस काढायचा. तिकडं युद्ध पेटलं, जहाज मिळेना. तो आला तो तीन वर्षांनी. घरं मोडून नेलेली, माणूस एक नाही. खांबावर शेजारच्या बेटाचं नाव कोरलेलं, आणि क्रूस नाही. त्याला हायसं वाटलं. मग वादळ आलं, त्या बेटापर्यंत पोचता आलं नाही. लेक-नात त्याला पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

तिथल्या झाडाखाली उभी राहून मला त्या म्होरक्याची कीव आली. खोटं कशाला बोलू, थोडा तोराही आला. माझ्याकडं फोन होता आणि पक्की खूण होती. त्या रविवारी मुद्दाम विचारलं. आबा म्हणाले, "म्हस? झकास हाय की."

पुढच्या वर्षी चुलतभावाचा फोन आला. म्हशीचं नावही न काढता तो म्हणाला, "ताई, आबा गेलं."

मी पोचले तेव्हा रक्षाविसर्जन होऊन गेलेलं. घरात न शिरता आधी गोठ्यात गेले, का ते माहीत नाही. खुंटा होता, दावं नव्हतं. गव्हाणीत कोळ्यांनी जाळी केलेली. शेण वाळून माती झालेलं.

आई मागं येऊन उभी राहिली. "वरीस झालं इकून. त्यास्नी दम लागायचा, धार निघंना. मला तर ती शिवू देईना."

"मला सांगितलं का न्हाय?"

"त्येनीच बजावलं हुतं. पोरीला म्हस इकल्याली कळाय नगं म्हणून. अब्रूचं वाटलं आसंल."

मागं मोजलं. मी बेटावरून फोन केला तेव्हा गोठा रिकामा होऊन दोन महिने झाले होते. मीच निवडलेलं वाक्य खरं झालं, आणि खरं झालं म्हणूनच आबांना ते उच्चारता येईना. उच्चारलं असतं तर मी नोकरी टाकून आले असते. ते वाक्य म्हणजे काय, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.

त्या खांबावर क्रूस का नव्हता, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. पण संकट नव्हतं म्हणून नव्हता, ह्यावर माझा आता विश्वास नाही. कुणीतरी चाकू हातात घेऊन थांबलं असेल. म्हातारा समुद्र ओलांडून येईल, जिवाला घोर लावून घेईल, राहू दे.

पुण्यात, दुबईत, जर्मनीत असलेल्या माझ्या गावच्या पोरापोरींनो, घरच्यांशी खुणा ठरवू नका. बोलवायची वाट बघू नका. आणि गावात राहिलेल्यांनो, तुमच्या त्या 'बरं हाय'चा आता फार राग येतो.

ऑफिसची तिसरी मेल आली आहे, रुजू हो नाहीतर जागा भरू. काल आईनं विचारलं, "कवा जाणार हाईस?"

"सुट्टी हाय की अजून. भरपूर हाय."

तव्यावरची भाकरी उलटून तिनं माझ्याकडं बघितलं. चार वर्षं ती माझ्याकडं फोनमधूनच बघत होती.

"खोटं बोलतीस," ती म्हणाली. "पर ऱ्हा."